चौकट

थर्झा नानकर्व्हिसच्या गुडघ्याखाली पोत्याची घडी,
पुढ्यात खडकावर लाकडी चौकट, हातभर लांब, हातभर रुंद.
ती मोजते, मी लिहितो.
अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून. पेन्सिलनेच,
शाई खाऱ्या पाण्याला टिकत नाही.

"लिम्पेट, सतरा. त्यातले मोठे नऊ.
बार्नॅकल, पाव चौकट.
हिरवं शेवाळ, नाही. 'नाही' असं अक्षरात लिही,
जागा रिकामी सोडलीस तर वाटेल, आपण बघितलंच नाही."

कॉर्नवॉलच्या या टोकाला तेल आलं मार्चमध्ये, रात्रीच्या भरतीला.
जहाज दूर खडकावर मोडलं, त्याचा आवाज इथवर आला नाही.
आधी वास आला,
मग सकाळी लाटाच फुटेनात;
जड अंगाने वर यायच्या आणि तिथेच निजायच्या.

मग पिंपं आली. साबण आहे, म्हणाली लष्करातली पोरं.
ट्रकला गावातला माणूस हवा होता,
उतरणीची वळणं माहीत असलेला.
डेन्झिल नानकर्व्हिस. दिवसाला तीन पौंड.
नऊ दिवसांत खडक असा लख्ख झाला
की साहेबाने हातमोजा काढून त्यावरून हात फिरवला
आणि कागदावर सही केली.

दहाव्या दिवशी लिम्पेट गळायला लागले.
तेलाखालीही खडक धरून होते, ते.
थर्झा सांगते, बोटाने नुसतं लोटलं तरी सुटायचे,
तापातल्या पोराच्या हातून चमचा सुटतो तसे.
मागे उरल्या त्यांच्या खुणा:
प्रत्येकाने कवचाच्या काठाने झिजवलेलं एकेक वर्तुळ,
चरून झालं की परतायची जागा.
दुसऱ्या कुणाला ती बसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सगळा किनारा हिरवागार.
पाहुणे फोटो काढत होते.
पेपरात आलं, किनारा सावरला.
थर्झाने कात्रण वहीत चिकटवलं, खाली लिहिलं:
खाणारं कुणी उरलं नाही, म्हणून हिरवं.

त्याच वर्षी तिने चौकट केली. म्हणजे डेन्झिलने केली,
न सांगता, मासळीच्या जुन्या खोक्याच्या फळ्यांची,
आणि दारामागे ठेवून दिली.
साबणाबद्दल त्या घरात बोलणं झालं नाही.
सत्तावीस सप्टेंबर मात्र तो
चौकटीचा एक कोपरा धरून उकिडवा बसला.

वही सांगते: तिसऱ्या वर्षी तपकिरी शेवाळ, गुडघाभर,
त्याच्या सावलीत मसुरीएवढी पिल्लं.
सहाव्या वर्षी दोनशे चौदा.
मला वाटलं, इथे गोष्ट संपली.
पान उलटलं. त्यांनी सगळं खाल्लं होतं,
शेवटच्या देठापर्यंत,
आणि उघड्या खडकावरून भुकेने निघाले, रांगेने,
आपापली वर्तुळं टाकून.
त्या पानावर एकच ओळ आहे, डेन्झिलच्या अक्षरात:
आज ते चालले.

मग तीन.
मग पुन्हा हिरवं, जरा कमी. पुन्हा गर्दी, जरा कमी.
कुणी उतरून गेलेल्या झोपाळ्यासारखं.

टेकाडापलीकडच्या किनाऱ्याला रस्ता नव्हता, पिंपं पोचलीच नाहीत.
तो काळा, ओंगळ, तसाच पडून राहिला;
चौथ्या वर्षी तिथे सगळं जागच्या जागी.
डेन्झिल तिकडे कधी गेला नाही.

मी एकदा विचारलं, मग आता झालं का पूर्वीसारखं?
ती म्हणाली, पूर्वी किती होते, कुणी मोजलं होतं?
ढीगभर असतं ते कोण मोजतं?

आता तो कोपराही मीच धरतो.
फळ्या कुजल्या, दोनदा बदलल्या. खिळे त्याचेच.
आज डावीकडच्या एका जुन्या वर्तुळात
लिम्पेट बसलेला दिसला. मी ओरडलोच.
थर्झाने माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्याला टिचकी मारली.
तो आवळून बसला,
काठाखाली एका बाजूला फट.

"मापाचा नाही," ती म्हणाली. "झिजवील."
मग पेन्सिल परत देत,
"अठरा कर."